कोडे, वही आणि संगणक



बोलायला सुरुवात करण्यापूर्वी तुम्हाला एक कोडे घालतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकले असेल. तापीच्या काठावर एक नावाडी उभा आहे. त्याच्याबरोबर एक वाघ आहे, एक शेळी आहे आणि गवताचा एक भारा आहे. होडी लहान. नावाड्याखेरीज तिच्यात एकच नग मावतो. वाघ आणि शेळी दोघेच काठावर राहिले तर वाघ शेळीला खाईल, आणि शेळी व गवत दोघेच राहिले तर शेळी गवत फस्त करील. तेव्हा नावाड्याने हे सारे पैलतीरी कसे न्यावे?

उत्तर ठाऊक असेल तर मनात ठेवा. नसेल तर हरकत नाही, आपण ते मिळून काढू.

हे कोडे मला परवा पुन्हा भेटले ते फैजपूरच्या एका मुलाच्या वहीत. मुलगा संगणकशास्त्र शिकतो. वडील केळीचे बागाईतदार. मी त्या भागातला जुना मास्तर म्हणून वडिलांनी मला वाटेत थांबवले आणि म्हणाले, "मास्तर, पोरगं रात रात जागतं, पडद्यावर अक्षरं टाकतं अन् पुसतं. हे शिकू राह्यलं का खेळू राह्यलं, काही समजत नाही."

त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. सुताराचा मुलगा काम शिकला की घरात पाट दिसतो. शेतकऱ्याचा मुलगा शिकला की वाफे नीट दिसतात. पण संगणक शिकणाऱ्या मुलाच्या हातात काय दिसते? काहीच नाही. म्हणून मी त्या मुलाकडे गेलो आणि म्हटले, "बाबा रे, मला तुझा संगणक दाखवू नकोस, तुझी वही दाखव." त्या वहीत चार कोडी होती. त्या चार कोड्यांचीच हकिगत आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी दोन शब्द फैजपूरविषयी. डिसेंबर १९३६ मध्ये ह्या गावी राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, हे आपल्या खानदेशात कोणाला सांगायला नको. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. मोठी गोष्ट शहरातच व्हायला हवी असे नाही, हे त्या वेळी ह्या गावाने दाखवून दिले. आज त्याच गावात धनाजी नाना महाविद्यालय आहे, अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, आणि आजूबाजूच्या खेड्यांतली मुले तिथे संगणक शिकायला येतात. तेव्हा ही हकिगत फैजपूरची असली तरी ती यावलची, रावेरची, शिरपूरची किंवा साक्रीचीही असू शकेल.

आता पहिले कोडे. नावाड्याचे.

आपण ते कसे सोडवतो? अंदाजाने. आधी वाघ नेऊन पाहू, मग गवत नेऊन पाहू, असे करता करता उत्तर सापडते आणि आपण खूश होतो. पण संगणकाला अंदाज नसतो, बरं का. त्याला वाघ कोण, शेळी कोण, कोण कोणाला खाते, काही ठाऊक नाही. त्याला फक्त सांगितलेली आज्ञा पाळता येते. आज्ञांची अशी ओळीने लावलेली यादी म्हणजे आज्ञावली. मुले तिला प्रोग्राम म्हणतात.

त्या मुलाने वहीत काय केले पाहा. त्याने आधी मोजले. नावाडी, वाघ, शेळी, गवत, हे चार. प्रत्येक जण एकतर अलीकडे असेल, नाहीतर पलीकडे. म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, एकूण सोळा स्थिती. ह्याहून निराळे काही घडूच शकत नाही. मग ह्या सोळांपैकी धोक्याच्या कोणत्या? नावाडी एका काठावर आणि दुसऱ्या काठावर वाघ-शेळी, किंवा शेळी-गवत, किंवा तिघेही. अशा तीन. नावाडी दुसऱ्या काठाला असला तर आणखी तीन. एकूण सहा. त्या खोडल्या. उरल्या दहा. आता ह्या दहा स्थितींपैकी कोणत्या स्थितीतून एका फेरीत कोणत्या स्थितीत जाता येते, तेवढ्या रेघा ओढल्या. झाला नकाशा तयार! सुरुवातीच्या ठिकाणापासून शेवटच्या ठिकाणापर्यंत जवळात जवळची वाट शोधायची, एवढेच काम उरले. ती वाट सात फेऱ्यांची निघते. शेळीला पलीकडे नेऊन ठेवायचे, रिकामे परत यायचे, वाघाला न्यायचे, येताना शेळीला परत आणायचे, तिला इकडे ठेवून गवत न्यायचे, रिकामे यायचे, आणि शेवटी पुन्हा शेळी. वाघाच्या जागी आधी गवत नेले तरी चालते. म्हणजे सात फेऱ्यांच्या वाटा दोन.

आणलेली शेळी परत न्यायची, ही गोष्ट आपल्या मनाला पटत नाही, म्हणून पुष्कळांचे अडते. पुढे जाण्यासाठी मागे यायचे, हे माणसाला अवघड जाते. नकाशा समोर असला की अवघड जात नाही. त्या मुलाला पहिला धडा मिळाला तो हा की उत्तर शोधण्याआधी, काय काय घडू शकते ह्याची पुरी यादी करावी. ही यादी करायला संगणक लागत नाही. पाटीवरसुद्धा होते.

दुसरे कोडे आपल्या जळगाव जिल्ह्याशी फार जुने नाते सांगणारे आहे. चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे. तिथल्या भवानीच्या देवळात एक शिलालेख आहे, इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. थोर गणिती भास्कराचार्य ह्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला, त्याची ती हकिगत आहे. लेखाचा काही भाग त्या काळच्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर राजाला जो कर मिळे तो मठाला द्यावा, अशी व्यवस्था त्यात लिहून ठेवली आहे. श्रोतेहो, ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आठशे वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या बाजारच्या पैशावर गणिताची कोडी शिकवली जात होती!

होय, कोडीच म्हणतो मी. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेली लीलावती कोड्यांनी भरलेली आहे. त्यात मोडलेल्या वेळूचे एक कोडे आहे. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मधेच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला?

वादळात बाग आडवी झालेली पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे चित्र काही नवे नाही. आमच्या मुलाने ह्याचा प्रोग्राम लिहिला. एक हातावर मोडला असे धरून पाहा, जुळते का? नाही. दोन हातांवर? नाही. तीन? असे करत करत बाराव्या खेपेला जुळले. बारा हातांचा उभा बुंधा, सोळा हात जमीन, आणि वीस हातांचा मोडलेला भाग. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, सोळाचा वर्ग दोनशे छप्पन्न, बेरीज चारशे, आणि वीसाचा वर्गही चारशे. संगणकाला ह्या बारा खेपांना डोळ्याची पापणी लवायला लागतो तितकाही वेळ लागत नाही.

मुलगा खूश झाला. मग त्याने दुसरे आकडे घालून पाहिले. वेळू वीस हात, शेंडा दहा हातांवर. आणि संगणक गप्प बसला. उत्तर नाही! का बरे? कारण खरे उत्तर आहे साडेसात हात. ह्याची आज्ञावली सातावर पाहात होती आणि नंतर एकदम आठावर उडी घेत होती. साडेसात तिच्या वाटेवर नव्हतेच.

तेव्हा त्याने भास्कराचार्यांची रीत काढून पाहिली. अंतराचा वर्ग करा, म्हणजे शंभर. त्याला वेळूच्या उंचीने भागा, शंभर भागिले वीस, पाच. ते उंचीतून वजा करा, पंधरा. निम्मे करा, साडेसात. चाचपडणे नाही, खेपा नाहीत. आकडे कोणतेही असोत, रीत तीच.

ह्यातून त्याला दुसरा धडा मिळाला. यंत्राचा वेग ही चांगली गोष्ट आहे, पण वेग आहे म्हणून विचार टाळला तर उत्तर पायाखालून निसटून जाते आणि कळतही नाही.

तिसरे कोडे एका शाळामास्तरांचे आहे, म्हणून शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी इकडे विशेष लक्ष द्यावे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. हाताशी साधने म्हणजे कागद आणि पेन्सिल. संख्यांशी खेळण्याचा त्यांना नाद होता. पुष्कळ विद्वानांनी तो नाद पोरखेळ ठरवला. पण १९४९ साली त्यांना एक विलक्षण गोष्ट सापडली, आणि पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्या अमेरिकन लेखकाने तिच्यावर लिहिल्यावर ती जगभर झाली.

गोष्ट अशी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. आपण फैजपूरच्या अधिवेशनाचे साल घेऊ, १९३६. त्यातले अंक उतरत्या क्रमाने लावा, ९६३१. मग चढत्या क्रमाने लावा, १३६९. मोठ्यातून लहान वजा करा. आले ८२६२. आता त्याचे तसेच करा. ८६२२ वजा २२६८, ६३५४. पुन्हा, ६५४३ वजा ३४५६, ३०८७. पुन्हा, ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ चे तसेच केले की ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! तिथून सुटका नाही. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पावलांत ह्याच मुक्कामाला येता.

कापरेकरांनी हे कागदावर केले, तेव्हा देशात बांधलेला संगणक नव्हता. भारतात रचलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झाला, म्हणजे अकरा वर्षांनी. त्याला टिफ्रॅक हे नाव १९६२ साली पंडित नेहरूंनी दिले, फैजपूरच्या अधिवेशनाच्या अध्यक्षांनीच. तो एका मोठ्या खोलीत मावत असे. आज त्याहून कितीतरी शक्तिमान यंत्र मुलांच्या खिशात असते.

तर आमच्या मुलाने ठरवले की, कापरेकर मास्तरांचे म्हणणे एकूणएक संख्यांवर तपासून पाहायचे. १००० पासून ९९९९ पर्यंत नऊ हजार संख्या. त्यांतून १११११ नव्हे हं, ११११, २२२२ अशा सारख्या अंकांच्या नऊ सोडल्या, उरल्या ८,९९१. प्रोग्राम लिहिला, चालवला. उत्तर आले ते असे. ८,९२३ संख्या ६१७४ ला पोचल्या, आणि ६८ संख्या पोचल्या शून्याला!

आता काय करायचे? जगाने मान्य केलेली गोष्ट खोटी, की आपला प्रोग्राम खोटा? त्या रात्री मुलगा झोपला नाही. वडिलांनी पाहिलेले अक्षरे टाकणे आणि पुसणे ते हेच. शेवटी त्याने संगणक मिटला आणि वही उघडली. त्या ६८ पैकी एक संख्या घेतली, २१११. हाताने वजाबाकी केली. २१११ वजा १११२, बरोबर ९९९. आणि तिथे त्याला चोर सापडला. माणूस कागदावर हे ०९९९ असे लिहितो, चार घरे सांभाळतो. संगणकाने पुढचे शून्य टाकून दिले. त्याच्या मते ९९९ ही तीनच अंकांची संख्या. तिचे अंक उलटसुलट लावा, ९९९ वजा ९९९, शून्य! अडुसष्टच्या अडुसष्ट संख्या ह्याच खड्ड्यात पडल्या होत्या. चार घरे भरून घे, रिकाम्या घरात शून्य मांड, एवढी एक आज्ञा वाढवली. मग ०९९९ वरून ९९९० वजा ०९९९, ८९९१. तिथून ८०८२, तिथून ८५३२, तिथून ६१७४. सगळ्या ८,९९१ संख्या मुक्कामाला आल्या.

तिसरा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रोग्राम चुकला तेव्हा मुलाला कोणी रागावले नाही, कोणी छडी मारली नाही. चूक त्याची त्यानेच शोधली आणि ती शोधताना त्याला शून्याची किंमत कळली. आपण पहिली-दुसरीत स्थानिक किंमत शिकवतो, पोरे घोकतात आणि विसरतात. हा मुलगा ती आता जन्मभर विसरणार नाही.

आता चौथे कोडे. हे पुस्तकातले नव्हे, घरचे. आणि इथे गोष्ट जरा नाजूक आहे.

त्यांच्या विहिरीवर केळीचे पाच तुकडे भिजतात. पंपाला वीज ठरावीक तासच मिळते, ती आठ तास धरा. पहिल्या तुकड्याला तीन तास लागतात, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार, चौथ्याला पाच, पाचव्याला दोन. एकदा सुरू केलेला तुकडा अर्धवट सोडायचा नाही, अशी त्यांची पद्धत. वडील ओळीने पाणी देत. पहिल्या दिवशी पहिला आणि दुसरा, पाच तास झाले. तिसऱ्याचे चार तास उरलेल्या तीन तासांत बसत नाहीत, म्हणून पंप बंद. दुसऱ्या दिवशी तिसरा. चौथा बसत नाही, बंद. तिसऱ्या दिवशी चौथा आणि पाचवा. असे तीन दिवस जात. मे महिन्यात केळीला एक दिवस म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मुलाने हिशेब केला. एकूण तास सोळा, म्हणजे दोन दिवसांत बसायला हवेत. प्रत्येक तुकडा आज किंवा उद्या, अशा बत्तीस मांडण्या होतात. त्या सगळ्या प्रोग्रामने तपासल्या. जुळणी निघाली. एका दिवशी पाच तासांचा आणि तीन तासांचा तुकडा, दुसऱ्या दिवशी चार, दोन आणि दोन. दोन्ही दिवशी पुरे आठ तास. मुलगा कागद घेऊन वडिलांकडे गेला. "आबा, एक दिवस वाचला!"

वडिलांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "अन् काकाची पाळी?"

दुसरा तुकडा चुलत्यांच्या वाट्याचा होता. विहीर सामाईक. पहिल्या दिवशी पाणी काकांना, हा आजोबांच्या वेळचा शब्द. मुलाच्या कागदावर काकांचा तुकडा दुसऱ्या दिवशी गेला होता. संगणकाला काका ठाऊक नव्हते, कारण मुलाने त्याला ते सांगितले नव्हते. आणि मुलाने सांगितले नव्हते, कारण त्याने वडिलांना विचारले नव्हते. तो कागद तसाच अमलात आला असता तर एक दिवस वाचला असता आणि दोन घरांत कायमचे वाकडे आले असते.

दुरुस्ती किती सोपी होती पाहा. दिवसांची अदलाबदल करायची, एवढेच. चार, दोन आणि दोन आधी, पाच आणि तीन नंतर. काकांचे पाणी पहिल्या दिवशी, शब्द राहिला आणि दिवसही वाचला. पण ही दुरुस्ती यंत्राने सुचवली नाही. ती सुचली बांधावर, बापलेकांच्या बोलण्यात.

त्या दिवसापासून मुलाने एक नेम केला आहे. प्रोग्राम लिहिण्याआधी तो वडिलांजवळ बसतो आणि एकेक गोष्ट विचारून वहीत टिपतो. वडील आधी म्हणत, "त्यात सांगायचं काय, पाहिलं की समजतं." पण पाहिले की समजते ते नेमके काय, हे शब्दांत मांडायला लागल्यावर त्यांनाही मौज वाटू लागली. परवा मला म्हणाले, "मास्तर, पोरगं आता माह्या डोक्यातलं काढून घेऊ राह्यलं." शिकू राह्यलं की खेळू राह्यलं, हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

इथे एक इशाराही द्यायला हवा. पाच तुकड्यांच्या मांडण्या बत्तीस झाल्या. दहा तुकडे असते तर १,०२४ झाल्या असत्या. वीस असते तर १०,४८,५७६. आणि तीस असते तर एकशे सात कोटींच्या वर! एकेक तुकडा वाढला की काम दुप्पट होते. म्हणून नुसती सगळी यादी तपासणे, हा उपाय लहान कोड्यापुरताच. मोठ्या कोड्याला भास्कराचार्यांसारखी रीत शोधावी लागते. संगणकशास्त्र म्हणून जे शिकतात त्यातला मोठा भाग हाच आहे. कोणत्या कोड्याला रीत आहे, कोणत्या रीतीला किती खेपा लागतात, आणि खेपा कमी कशा करता येतील.

आता शिक्षकांना आणि पालकांना दोन शब्द, आणि मग तुमची रजा घेतो.

महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला मुलांना एक प्रकल्प करावा लागतो. हा प्रकल्प आयता मिळतो, हे गुपित राहिलेले नाही. मागच्या वर्षीचा उतरवून घेता येतो, पैसे देऊन विकतही आणता येतो. आणि आता तर विचारले की क्षणात प्रोग्राम लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. मग मुलाने जागरण कशासाठी करायचे, असे तुम्ही विचाराल.

मी म्हणतो, त्या यंत्राचा राग करू नका. बैलगाडी होती, मोटार आली, आपण मोटारीत बसलो. पण मोटारीत बसणाऱ्याला कुठे जायचे ते ठाऊक असावे लागते. यंत्राने लिहून दिलेल्या प्रोग्रामात ९९९ चे शून्य गळले तर ते कोण ओळखणार? साडेसात हातांवर मोडलेला वेळू कोणाला दिसणार? काकांची पाळी कोण आठवून देणार? ज्याने स्वतः एकदा तरी हाताने कोडे सोडवले आहे, चुकला आहे आणि चूक शोधली आहे, त्यालाच हे जमेल. आयता प्रकल्प आणणाऱ्याला गुण मिळतील, प्रमाणपत्रही मिळेल. पण नोकरीच्या ठिकाणी पहिला प्रश्न समोर आला की त्याच्या हातात काही नसेल. खेड्यातल्या मुलाला तर हे फारच महाग पडते. बापाने केळीचा घड विकून फी भरलेली असते.

म्हणून पालकांनी एवढेच करावे. मुलगा किंवा मुलगी संगणक शिकत असेल तर विचारावे, "आज तुझा प्रोग्राम कुठे चुकला? आणि का चुकला?" उत्तर तुम्हाला पुरते समजले नाही तरी चालेल. सांगता सांगता त्यालाच ते समजते. आणि त्याने शेतीतले काही विचारले तर "तुला काय करायचंय" असे म्हणू नये.

शिक्षकांनी शाळेत संगणक येण्याची वाट पाहू नये. आला तर उत्तमच. नाही आला तरी नावाड्याचे कोडे अंगणात खेळता येते. एक पोर नावाडी, एक वाघ, एक शेळी, एक गवत, आणि मधे खडूची रेघ म्हणजे तापी. प्रत्येक फेरी दुसऱ्या मुलाने फळ्यावर लिहायची. लिहिलेले वाचून तिसऱ्या चौकडीने तसेच चालायचे, मनाचे काही करायचे नाही. लिहिणाऱ्याची चूक झाली की शेळी खाल्ली जाते आणि वर्ग हसतो. आज्ञावली म्हणजे काय, ते ह्याहून निराळे काही नाही. कापरेकरांच्या वजाबाक्या तर चौथीच्या वर्गातसुद्धा होतात. पोरांना वजाबाकीची शंभर उदाहरणे घातली तर ती कुरकुरतात. ६१७४ ला पोचा म्हटले की तीच पोरे घरी जाऊनही वजाबाक्या करतात.

श्रोतेहो, कोडे घालून सुरुवात केली, कोडे घालूनच संपवतो. चार अंकांचा मुक्काम ६१७४ हे तुम्ही ऐकलेत. तीन अंकी संख्यांचाही असाच एक मुक्काम आहे. तीनही अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, तशीच उलटसुलट लावून वजा करत राहा. तीन घरे मात्र सांभाळा, पुढचे शून्य गाळू नका. तो मुक्काम कोणता, हे मी सांगणार नाही. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या लहान मुलाला वही-पेन्सिल घेऊन जवळ बसवा आणि दोघे मिळून शोधा.